ओझरचं कॉकपिट, पहूरचं टेबल

मिग-२१ या सोव्हिएत लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये वैमानिकासमोरच्या पॅनलवर वरून खाली एक पांढरा पट्टा ओढलेला असतो. तो शोभेचा नाही. विमान गिरकीत सापडलं, म्हणजे पंखांचा आधार सुटून ते स्वतःभोवती फिरत खाली येऊ लागलं, की आत बसलेल्या माणसाला डावं-उजवं उमजेनासं होतं. अशा वेळी हातातली दांडी त्या पांढऱ्या रेषेकडे ढकलायची. दांडी मधोमध येते आणि विमान सावरण्याची शक्यता तयार होते. घाबरलेल्या डोक्याला आकडे वाचता येत नाहीत, पण रेष दिसते, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

१:४८, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढ्या मापाच्या प्रतिकृतीत ही रेष जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद उरते. विमानाच्या प्रतिकृती करणारी माणसं, त्यांना सगळीकडे ‘मॉडेलर’च म्हणतात, ही अर्ध्या मिलिमीटरची रेष श्वास रोखून रंगवतात. मग तिच्यावर काचेचं झाकण बसतं आणि बघणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ती दिसतही नाही. इतक्या खटाटोपाला काही अर्थ आहे का, हा प्रश्न जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या पहूरमध्ये मला नेहमी विचारला जातो. “काय करी राहिले भाऊ? हे उडतं का?” उडत नाही म्हटलं की विचारणारा निघून जातो. हा लेख त्याच्यासाठी आहे. आणि नाशिकच्या काही माणसांसाठीही आहे, पण त्यांच्याकडे शेवटी येतो.

मिगच का? कारण हे विमान आपल्या शेजारी तयार झालं. भारतीय हवाई दलात पहिली मिग-२१ विमानं १९६३ साली चंदीगडला आली, २८व्या स्क्वाड्रनमध्ये. मग ती इथेच बांधायचं ठरलं. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. सांगाडा आणि जुळणी ओझरला, इंजिन ओरिसात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि लोकसभेत ते नाशिकमधूनच बिनविरोध निवडून गेले होते. कारखाना नाशिकच्या पदरात पडण्याची गोष्ट त्या भागातले जुने लोक आजही त्यांच्या नावाने सांगतात. द्राक्षं आणि कांद्याच्या त्या पट्ट्यात आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं विमान तयार होऊ लागलं. एफएल, मग एम, मग बिस असे प्रकार एकामागून एक आले आणि साडेसहाशेच्या आसपास मिग-२१ ओझरहून बाहेर पडली. पुढे त्यांतल्याच काहींना नवं रडार आणि नवे पडदे बसवून ‘बायसन’ केलं गेलं. २०१९ च्या फेब्रुवारीत हवाई दलाचे वैमानिक अभिनंदन वर्धमान यांचं जे विमान बातम्यांत आलं, ते बायसन. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडलाच समारंभ होऊन मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं.

ओझरपासून पहूर फार लांब नाही. मधे धुळे आणि जळगावचा पट्टा. तरी माझ्या टेबलावर हे विमान आलं ते चेक प्रजासत्ताकातून. तिथल्या एडुआर्ड या कंपनीने २०११ पासून मिग-२१ ची १:४८ मापाची किट, म्हणजे सुटे भाग जोडून करायचे संच, काढली आणि मॉडेलरांच्या जगात ती प्रमाण मानली जातात. नाशिक जिल्ह्यात ज्या कॉकपिटमध्ये माणसांनी तारा ओढल्या, त्यातला कोणता भाग कुठल्या रंगाचा, हे मी चेक कागदावर वाचतो. ही गोष्ट मला आधी गमतीची वाटायची. आता वाटत नाही.

काम समजायला आधी माप समजलं पाहिजे. मिग-२१ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर. १:४८ मध्ये ते १५ सेंटिमीटर होतात, १:७२ मध्ये १० सेंटिमीटरसुद्धा भरत नाहीत. विमानातली मोठी घड्याळं, म्हणजे वेग आणि उंची दाखवणारी, साधारण ८० मिलिमीटर व्यासाची असतात. १:४८ मध्ये अशी तबकडी १.७ मिलिमीटरची, १:७२ मध्ये १.१ मिलिमीटरची. संपूर्ण कॉकपिट अंगठ्याच्या शेवटच्या पेरावर मावतं. यातली खरी अडचण बारीकपणाची नाही, जाडीची आहे. ब्रशने मारलेला थर मिलिमीटरचा दहावा भाग जाड झाला, तर खऱ्या विमानाच्या हिशेबात तो पाच मिलिमीटर जाड रंग झाला. स्विच बुजतात, कडा गोल होतात, कॉकपिट वितळल्यासारखं दिसतं. म्हणून या कामात पहिलं कौशल्य म्हणजे रंग पातळ करणं. दुधासारखा पातळ रंग, चार-पाच हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. घाई करणाऱ्याने दुसरा छंद बघावा.

आणि कोणता रंग? मिगच्या कॉकपिटचं नाव निघालं की सगळे आधी रंगावर येतात. पाश्चात्त्य विमानांचा आतला भाग बहुतेक काळा किंवा राखाडी असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विमानांत पिवळसर हिरवा असे, आणि त्याचं कारण सौंदर्य नव्हतं: अॅल्युमिनियम गंजू नये म्हणून मारायचं झिंक क्रोमेटचं पिवळं अस्तर, त्यात काळा मिसळला की तो हिरवा तयार होई. ब्रिटिशांचा करडा-हिरवा निराळा, जर्मनांचा आधी करडा आणि १९४१ नंतर गडद राखाडी. सोव्हिएत विमानांतही सुरुवातीला राखाडीच होता. नंतरच्या मिगमध्ये मात्र डोळ्यांत भरणारा निळा-हिरवा आला. पाचूच्या अंगाने जाणारा, तरी पाचू नाही. मोरपिशी म्हणावा तर फिका. या रंगाने डोळे थकत नाहीत, वैमानिकाचं चित्त शांत राहतं, असं त्याचं समर्थन दिलं जातं. त्या निळ्या-हिरव्या फळीवर काळ्या तबकड्या, पांढरे आकडे, आणि मधून तो पांढरा पट्टा.

हा रंग पकडणं जिकिरीचं आहे, कारण फोटो खोटं बोलतात. फ्लॅश मारलेल्या फोटोत तो हिरवा येतो, ढगाळ उजेडात निळा. वीस वर्षं उन्हात उभ्या असलेल्या विमानाचं आतलं अंग फिकट पडून पार आकाशी होतं. परदेशी कंपन्या ‘सोव्हिएत कॉकपिट’ नावाने तयार बाटल्या विकतात आणि दोन कंपन्यांच्या दोन बाटल्या कधी जुळत नाहीत. मी तयार बाटलीच्या नादी लागत नाही. कॅम्लिनचे अॅक्रिलिक रंग घेतो. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईपासून सुरू केलेली ही कंपनी. तिच्या रंगांवर महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांच्या पिढ्या वाढल्या. पांढऱ्यात थॅलो निळा आणि थॅलो हिरवा अगदी टोकाने घ्यायचे. हे दोन रंग इतके जहाल असतात की सुईच्या टोकाएवढे पुरतात. मग किंचित राखाडी टाकून रंगाची चमक मारायची. राखाडी नसेल तर रंग खेळण्यासारखा चमकतो. शिवाय एक नियम: कागदावर बरोबर वाटणारा रंग कॉकपिटच्या खड्ड्यात गेला की गडद दिसतो. म्हणून दोन पायऱ्या फिकाच ठेवायचा. काळ्याचं तर आणखी वाईट. शुद्ध काळा सगळं गिळतो. तबकडीच्या जागी गडद राखाडी मारली, तरच ती काळी तबकडी म्हणून वाचता येते.

आता हे सगळं पहूरमध्ये. खानदेशातला मे महिना पारा ४५ च्या पुढे नेतो. ब्रशच्या टोकावरचा अॅक्रिलिकचा थेंब पॅनलपर्यंत पोहोचण्याआधी चिकट होतो. त्यात रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारं द्रव, घालावं लागतं. नाहीतर पहाटे काम उरकावं लागतं. मी पहाट पसंत करतो, उजेड सरळ आणि थंड असतो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा: लॅकर फवारलं की हवेतला ओलावा त्यात अडकून वर पांढुरकी साय धरते. दिवाळीनंतर कपाशीचा हंगाम. पहूर-जामनेर भागात गाड्या भरून कापूस फिरतो आणि त्याचे तंतू हवेत तरंगत असतात. अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यावर पडलेला कापसाचा एक तंतू म्हणजे खऱ्या विमानात सुतळी पडल्याची कथा. झाकणी हवीच. रंग मारला की डबा उपडा घालायचा आणि दूर व्हायचं.

पण हेच गाव काही गोष्टी अशा देतं, ज्या मोठ्या शहरातल्या छंदाच्या दुकानात महाग मिळतात. विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी कमी दाबाच्या विजेवर जळतात, म्हणून आमच्याकडे प्रत्येक बाजारपेठेत मोटार वाइंडिंगची दुकानं आहेत. तिथे इनॅमल चढवलेली तांब्याची तार वेगवेगळ्या जाडीत पडलेली असते, अगदी केसापर्यंत. कॉकपिटच्या भिंतीवरच्या नळ्या आणि वायरींच्या जुड्या करायला यापेक्षा चांगलं साहित्य नाही. वाकवली की वाकते आणि तशीच राहते. गोळ्यांच्या पाकिटामागचा चंदेरी पत्रा सपाट करून कापला की सीटचे पट्टे होतात. तो कापडासारखा पडतो, प्लास्टिकचा पट्टा लाकडासारखा ताठ दिसतो. इन्शुलिनच्या सिरिंजने रंगाचा नेमका थेंब मोजता येतो. किटच्या चौकटीचा उरलेला प्लास्टिक तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ करायचा आणि दोन्ही हातांनी सावकाश ताणायचा. त्याची केसाएवढी काडी निघते. तिचे तुकडे म्हणजे दांड्या आणि स्विच. तुकड्याच्या टोकाला पांढऱ्या फेविकॉलचा ठिपका, वाळल्यावर त्यावर लाल रंग, की गोल मूठ तयार. तोच फेविकॉल पातळ करून तबकडीत सोडला तर वाळून पारदर्शक होतो आणि काच बसवल्यासारखं दिसतं.

कामाचा क्रम रंगाऱ्याच्या क्रमासारखाच. किटचे भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेल त्यांवर असतं. मग काळं अस्तर. त्यावर निळा-हिरवा अशा बेताने, की कोपऱ्यांत आणि खोबणींत अस्तराचा काळा थोडा शिल्लक राहावा. त्यानंतर उठावाचे भाग: पेट्या, बटणांच्या रांगा, इजेक्शन सीट, तिच्या लाल मुठी. मग चकचकीत वॉर्निशचा एक हात. या हाताचं कारण पुढच्या पायरीत आहे. तपकिरी-काळा तेलरंग टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करून ब्रशच्या टोकाने टेकवला की तो आपोआप खाचांतून धावतो आणि प्रत्येक बटणाभोवती सावलीची कडा उभी करतो. याला वॉश म्हणतात. पृष्ठभाग खडबडीत असला तर तो सगळीकडे पसरून डाग पाडतो, म्हणून आधी चकाकी. अॅक्रिलिकवर तेल, हेही ठरवूनच. खालचा रंगही तेलाचाच असता तर टर्पेंटाइन त्याला विरघळवून बसण्याची भीती होती. वॉश वाळला की चपट्या ब्रशवर फिका रंग घेऊन तो जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाकायचा आणि उरलेला नावापुरता रंग उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. कडा उजळतात. शेवटी मॅट वॉर्निश, आणि तबकड्यांवर तेवढा चकाकीचा ठिपका.

खोटी सावली आणि खोटा उजेड कशाला, असं कोणी विचारलं तर उत्तर जवळच आहे. वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरातून, लेण्यांना वळसा घालून उतरते आणि पहूरवरून तापीच्या दिशेने जाते. पंधराशे वर्षांपूर्वी त्या लेण्यांत काम करणाऱ्या चित्रकारांपुढे हाच प्रश्न होता. अंधाऱ्या गुहेत, सपाट भिंतीवर, चेहरा गोल कसा दिसावा? त्यांनी गालांच्या कडेला गडद छटा भरल्या आणि नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीवर उजाळा ठेवला. चित्रसूत्र या चित्रकलेवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात या छटेच्या कामाला वर्तना म्हटलं आहे आणि ठिपक्यांनी भरायची वर्तना त्यात वेगळी सांगितली आहे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभं राहून मी नाकावरचा तो उजाळा बघितला आहे. उजेड आकारानुसार लहान होत नाही, हा या साऱ्याचा गाभा. खऱ्या कॉकपिटमधल्या स्विचची सावली ठळक दिसते. प्रतिकृतीतल्या स्विचची सावली डोळ्याला दिसतच नाही. ती रंगवावी लागते.

हल्ली हे सगळं टाळायची सोय झाली आहे. एडुआर्डच्या महाग संचात रसायनाने कोरलेली पातळ धातूची पॅनलं रंग छापून येतात. तबकडीवरचे आकडे भिंगातून वाचता येतात. त्याच्याही पुढे जाऊन आता त्रिमितीत छापलेली डेकल, म्हणजे चिकटवायची चित्रं, मिळतात. पाण्यात भिजवा, चिकटवा, झालं. रशियातल्या क्विंटा स्टुडिओची अशी डेकल फार नावाजली जातात, आणि खरंच सुरेख असतात. माझं मत विचाराल तर १:७२ मध्ये ती वापरावीत, त्यात लाज नाही. १:४८ मध्ये मात्र छापील पॅनल आणि हाताने रंगवलेल्या भिंती शेजारी-शेजारी आल्या की दोन वेगवेगळ्या दिवसांतल्या वाटतात. पॅनल कारखान्यातून आजच निघालेलं, भिंत वीस वर्षं वापरलेली. मी उठावाचं साधं प्लास्टिक पॅनल घेतो आणि आकड्यांच्या जागी पांढरे ठिपके देतो. एका हाताच्या अंतरावरून डोळा त्यांना आकडेच समजतो.

जुनेपणा किती दाखवावा, यातही तारतम्य लागतं. नवखा माणूस कॉकपिट गॅरेजसारखं मळवतो. हवाई दलात कॉकपिट रोज पुसलं जातं. झिजतं ते जिथे बूट आणि हात लागतात तिथे: पायाखालची फळी, सीटची कड, बाजूच्या पट्टीवर जिथे कोपर टेकतं ती जागा. तिथला रंग उडून धातू दिसावा, एवढंच. झीज कुठे दाखवायची हे ठरवताना आत बसलेल्या माणसाचा विचार करावा लागतो: पाय कुठून टाकतो, कुठला हात कुठे जातो. विमानाचं बाकी अंग वाऱ्यासाठी घडवलेलं असतं. माणसाच्या मापाने घडवलेली ही एकच जागा.

झाकणाचा प्रश्न उरतो. मिग-२१ च्या पहिल्या प्रकारात झाकण पुढच्या बाजूच्या बिजागरीवर उघडे. पीएफ या प्रकारापासून पुढे ते उजवीकडे कलंडतं. प्रतिकृतीत ते उघडं ठेवता येतं आणि कॉकपिट दिसतं. नंतरच्या दोन आसनी मिगमध्ये मागच्या प्रशिक्षकाला पुढचं दिसावं म्हणून वर छोटा पेरिस्कोप असतो, तो करायला मजा येते. पारदर्शक झाकण चिकटवताना फेव्हिक्विकसारखा गोंद जवळही आणू नये. त्याच्या वाफेने काच धुरकट होते आणि ती सहजी साफ होत नाही. इथेही पांढरा फेविकॉलच.

आता नाशिकच्या माणसांकडे येतो. ओझरच्या कारखान्यात आता सुखोई-३० आणि तेजसचं काम चालतं. तिथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क १ए ने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकहून उड्डाण केलं. मिगचा काळ संपला. विमानं संग्रहालयांत आणि चौथऱ्यांवर उभी राहतील, पण चौथऱ्यावरच्या विमानाचं कॉकपिट बहुधा बंद केलेलं, आतली यंत्रं काढून घेतलेली आणि बाहेरून ताजा रंग थापलेला असतो. पुढच्या पिढीला खरं कॉकपिट बघायला मिळेल ते फोटोंतून आणि परदेशी किटच्या कागदांतून. फोटोंचं मघाशी सांगितलंच.

निफाड, दिंडोरी, ओझर, नाशिक रोड या भागांत अशी शेकडो घरं आहेत, जिथल्या माणसांनी या कॉकपिटमध्ये आयुष्य काढलं: तारा ओढल्या, तबकड्या बसवल्या, तो निळा-हिरवा फवारला, तो पांढरा पट्टा ओढला. एफएल बांधताना आत कोणता रंग होता, बिस येईतो तो कधी बदलला, ओझरमध्ये रंग मिसळला जाई की तयार डबे येत, बायसन करताना जुना रंग ठेवला की नवा मारला, हे पुस्तकांतून नीट मिळत नाही, पण त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. गुप्ततेचा भाग असेल तो असू द्या. विमान निवृत्त झालं, कॉकपिटचा रंग तरी आता कुणाचं गुपित राहिलेला नाही. अशी माणसं तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात असतील तर त्यांना बोलतं करा आणि मराठीत लिहून ठेवा. एखाद्याकडे जुन्या रंगाचा पापुद्रा लागलेला निकामी पत्र्याचा तुकडा किंवा नॉब असेल, तर तो भंगारात देऊ नका.